लांबलचक मालिका वाचायची कशी आणि तिच्याबद्दल मत द्यायचं कसं

अद्भुत किंवा विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिकांबद्दलची बहुतेक मतं दोन ठिकाणी तयार होतात: पहिल्या खंडाच्या पन्नासाव्या पानावर, नाहीतर पडद्यावरची आवृत्ती पाहून झाल्यावर. दोन्ही मतं कच्ची असतात. हजारो पानांच्या गोष्टीत लेखक आधी काही कबूल करतो आणि बऱ्याच उशिरा ते पुरं करतो. त्याने काय कबूल केलं आणि त्यातलं किती फेडलं, हे पाहिल्याशिवाय मालिका चांगली की वाईट हे ठरत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या वाचकांना अशा मालिका नीट वाचायच्या आहेत आणि वाचनालयात चार लोकांसमोर त्यांच्यावर ठामपणे बोलायचं आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत.

आधी जात ओळखा

सगळ्या मालिकांना एकच माप लावलं की मत चुकतं. एक जात म्हणजे एकच गोष्ट, पण अनेक खंडांत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड 1954-55 मध्ये आले, टॉल्किनने ती एकच कादंबरी म्हणून लिहिली होती, खर्चामुळे प्रकाशकाने ती तीन भागांत काढली. म्हणून फक्त पहिला खंड वाचून ‘याला शेवटच नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही. दुसरी जात सामाईक जगाची: टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’च्या 41 कादंबऱ्या (1983 ते 2015) किंवा इयन बँक्सची ‘कल्चर’ मालिका. इथे प्रत्येक पुस्तक आपापल्या पायावर उभं असतं, त्यामुळे एखादं फसलं तरी मालिका फसत नाही.

तिसरी जात काळाच्या उड्यांची. आयझॅक असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ हिचं ठळक उदाहरण. पात्रं जीव लावण्याआधीच संपतात, ही तिच्याबद्दलची नेहमीची तक्रार. तिचं कारण पाहा: यातल्या बहुतेक कथा 1942 ते 1950 या काळात मासिकात सुट्या छापून आल्या आणि 1951 ते 53 मध्ये त्यांची तीन पुस्तकं झाली. गोष्ट माणसांची नाही, शतकानुशतकं चालणाऱ्या एका योजनेची आहे. त्यामुळे ‘पात्रं पुसट आहेत’ हे खरं असलं तरी तो या मालिकेचा मुख्य दोष ठरत नाही. पहिल्या पुस्तकात स्त्रिया जवळजवळ नाहीतच, हा दोष मात्र खराच, आणि तो योजनेच्या नावावर खपवता येत नाही.

विज्ञान आणि अद्भुत साहित्यासाठीच्या ह्यूगो पुरस्कारात सर्वोत्तम मालिकेचा विभाग 2017 मध्ये प्रायोगिक म्हणून आला आणि नंतर कायम झाला. त्यात मालिका म्हणवून घ्यायला किमान तीन भाग आणि एकूण 2,40,000 शब्द लागतात. वाचकानेही हीच मर्यादा पाळावी. तेवढं वाचून होईपर्यंत ‘पहिला खंड आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ एवढंच म्हणावं, मालिकेवर निकाल देऊ नये.

वेळेचं गणित

मालिका अर्ध्यात सुटते त्याचं सर्वांत मोठं कारण कंटाळा नाही, चुकलेला अंदाज. आधी स्वतःचा वेग मोजा. दहा मिनिटं नेहमीसारखं वाचा, किती ओळी झाल्या ते मोजा, एका ओळीतल्या सरासरी शब्दांनी गुणा आणि दहाने भागा. मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाचा इंग्रजीतला वेग मिनिटाला 150 शब्द धरला, तर तासाला 9,000 शब्द होतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ साधारण 4,80,000 शब्दांची, म्हणजे 53 तास. रोज एक तास दिला तर दोन महिन्यांच्या आत होते. रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ 14 खंडांची, सुमारे 44 लाख शब्दांची. त्याच वेगाने तिला 490 तास लागतात, म्हणजे रोज तासभर वाचून एक वर्ष चार महिने. अर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’चा पहिला भाग मात्र साधारण 56,000 शब्दांचा, सहा-सात तासांत हातावेगळा होतो. इंग्रजीत पहिलीच मालिका वाचणाऱ्याने इथून सुरुवात करावी. वाक्यं स्वच्छ आहेत आणि शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही.

इंग्रजीची धास्तीच असेल, तर आधी मराठीत सराव करा. हॅरी पॉटरचे सात भाग आणि अमीश यांची शिवत्रयी मराठीत मिळते. मराठीत विज्ञानसाहित्याची परंपरा भक्कम आहे, पण ते बहुतेक कथा आणि सुट्या कादंबऱ्यांचं. जयंत नारळीकरांची ‘प्रेषित’ किंवा ‘वामन परत न आला’ वाचताना एकाच गृहीतकातून गोष्ट कशी वाढवत न्यायची ते दिसतं. पुढे मोठी मालिका तपासताना ही नजर उपयोगी पडते.

वर्षाचंही नियोजन करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार आपल्याकडे बाहेर पडायची सोय नसते; मोठी मालिका तेव्हाच लावावी. पेरणीच्या दिवसांत आणि दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणीत घर गुंतलेलं असेल, तर त्या काळात सुटी पुस्तकं घ्या. चौदा खंडांच्या मधोमध दोन महिन्यांचा खंड पडला की नावं विसरतात, आणि विसरलेला वाचक दोष पुस्तकाला देतो.

कोणत्या क्रमाने

पहिल्या वाचनाला प्रकाशनाचा क्रम धरा. लेखक माहिती त्याच क्रमाने उघडत गेलेला असतो. ‘नार्निया’च्या आजच्या संचांवर कथेतल्या काळानुसार आकडे असतात, त्यामुळे 1955 चं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ पहिलं दिसतं. प्रत्यक्षात मालिका 1950 मध्ये ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ने सुरू झाली. संचावरचा आकडा पाळला तर कपाटापलीकडे काय आहे याचं कुतूहल पहिल्याच पुस्तकात खर्ची पडतं. ‘फाउंडेशन’ची पूर्वकथा ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ 1988 ची. ती आधी वाचली, तर 1980 च्या दशकातल्या भागांनी जपून ठेवलेलं रहस्य आयतंच हाती येतं. ‘सिल्मरिलियन’ कथाकाळाने सर्वांत जुनं, पण ते टॉल्किनच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये मुलाने संपादित करून काढलं. ते आधी उघडणारे बहुतेक वाचक वंशावळींतच अडकतात.

अपवाद थोडे आहेत. डिस्कवर्ल्डची सुरुवातीची दोन पुस्तकं त्या काळच्या अद्भुत कादंबऱ्यांची थट्टा करतात. मूळ माल वाचलेला नसेल तर विनोद हुकतो. तिथे ‘मॉर्ट’ (1987) किंवा ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (1989) पासून सुरू करा. अमीश यांच्या रामचंद्र मालिकेतले पहिले तीन भाग राम, सीता आणि रावण यांच्या बाजूंनी वेगवेगळे निघून सीताहरणापाशी येतात. ते लागोपाठ वाचले तर तेच तेच सांगतोय असं वाटतं. ही रचना मुद्दाम केलेली आहे, म्हणून दोन भागांमध्ये दुसरं एखादं पुस्तक ठेवा.

पुस्तकं मिळवताना

वाचनालयात मालिकेचा पहिला खंड असतो आणि तिसरा असतो. दुसरा कोणीतरी नेलेला असतो किंवा घेतलेलाच नसतो. सुरुवात करण्याआधी देवघेव विभागात सगळे खंड आहेत का ते विचारा. नसतील तर मागणीच्या वहीत मालिकेचं नाव, लेखक आणि नेमके कोणते खंड हवेत ते लिहा. नुसतं नाव लिहिलं की पुन्हा पहिलाच खंड येतो.

विकत घेताना खंडांची संख्या आणि पुस्तकांची संख्या यांत गल्लत होते. जॉर्ज मार्टिनच्या ‘साँग ऑफ आइस अँड फायर’ची आजवर पाच पुस्तकं आली आहेत, पण आपल्याकडे मिळणाऱ्या ब्रिटिश संचात सात खंड असतात, कारण तिसरं आणि पाचवं पुस्तक दोन-दोन भागांत छापलंय. ‘स्टॉर्म ऑफ स्वॉर्ड्स’ घेताना ‘स्टील अँड स्नो’ हाती आलं तर ते अर्धंच पुस्तक आहे. उरलेलं ‘ब्लड अँड गोल्ड’. फुटपाथवर मिळणाऱ्या नकली प्रतींत पानं गहाळ किंवा उलटसुलट असतात. पैसे देण्याआधी पानांचे आकडे सलग आहेत का ते मधून तीन-चार ठिकाणी तपासा. जाड पुस्तकं पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाठीचा डिंक सुटतो आणि मधली पानं हातात येतात.

मंडळी मिळून संच घेत असाल तर नियम साधा ठेवा: तिघांचा पहिला खंड वाचून झाल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. असं केलं की अर्धवट सोडलेले संच कपाटात धूळ खात पडत नाहीत.

उधारीची वही

या पद्धतीचा कणा म्हणजे एक शंभरपानी वही. पहिल्या दहा पानांवर माणसांची नावं आणि नाती. नवं नाव तीनदा आलं तरच लिहा, नाहीतर वही नावांनीच भरते. पुढची दोन पानं नकाशाला. बाकी सगळी वही उधारीला, दुकानदार लिहितो तशी. डावीकडे लेखकाने घेतलेली उधारी: कोणता प्रश्न उभा केला, कोणतं भाकीत सांगितलं, कोणाचा भूतकाळ झाकून ठेवला. सोबत खंड आणि पान. उजवीकडे ती फेडली तर कुठे, आणि कशी. फेड तीन प्रकारची असते: पूर्ण, अर्धी आणि खोटी. उत्तर आधीच्या खंडांत पेरलेल्या गोष्टींतून निघालं तर पूर्ण. प्रश्न उभा होता त्याहून लहान केला तर अर्धी. आणि शेवटच्या खंडात अचानक नवी शक्ती किंवा नवं पात्र आणून गाठ सोडवली, तर खोटी.

खंडाला पंधरा ते वीस नोंदी पुरतात. प्रत्येक पानावर थांबून लिहू लागलात तर वाचन मोडतं. प्रकरण संपल्यावर दोन मिनिटं द्या. खंड संपला की घरातल्या कोणाला तरी पाच मिनिटांत गोष्ट सांगा, आणि घरी जी बोली असेल तीत सांगा: अहिराणीत, लेवा बोलीत. ऐकणाऱ्याने ‘मंग काय व्हयनं?’ विचारलं आणि तुम्ही अडखळलात, तर एकतर कथेत दुवा नाही किंवा तुमच्या वाचनातून निसटला. वही उघडून कोणतं ते बघा.

जग टिकतं का ते तपासा

हे आपल्याकडच्या वाचकाला पुष्कळांपेक्षा चांगलं जमतं, कारण खानदेशात पाऊस, अंतर आणि पाणी यांचा हिशोब लहानपणापासून डोळ्यांसमोर असतो.

पाण्यापासून सुरुवात करा. पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाळीने वाटून घ्यायची रीत, माहीत असणाऱ्याला ठाऊक आहे की पाणी थोडं असलं की बंधारा, पाट, पिकाची निवड, पाळी आणि पाट सांभाळणारा पाटकरी अशी सगळी व्यवस्था गावाभोवती उभी राहते. वाळवंटातल्या कोणत्याही गोष्टीला तीन प्रश्न विचारा: पाणी कोण मोजतो, पाळी कोण ठरवतो, आणि चोरी केली तर काय होतं. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ला (1965) त्यांची उत्तरं देता येतात. मेलेल्या माणसाचं पाणी टोळीचं असतं, पाण्याचा हिशोब धातूच्या कड्यांवर चालतो, अंगातली ओल परत वापरणारा पोशाख असतो, आणि रीतीभाती याच टंचाईतून निघालेल्या असतात. म्हणूनच ते जग पटतं. एवढी माणसं खातात काय, याचं उत्तर मात्र तितकं भक्कम नाही. अशी एखादी फट सापडली तर वहीत जरूर लिहा.

मग अंतर. धुळे ते जळगाव सुमारे 90 किलोमीटर. पायी दिवसाला 25-30 किलोमीटर धरले तर तीन-चार दिवस, घोड्यावर दोन दिवस, आणि सामानाच्या गाड्यांसह निघालेल्या फौजेला दिवसाला 15-20 च्या वेगाने पाच-सहा दिवस. कादंबरीतल्या नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजा आणि पात्रं कधी निघाली, कधी पोचली ते पाहा. एका रात्रीत फौज पोचली असेल तर लेखकाने कारण द्यायला हवं.

नकाशातल्या नद्याही बघा. नद्या एकमेकींना मिळतात, मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फुटत नाहीत, आणि डोंगराची धार ओलांडून वर चढत नाहीत. पाऊस वाऱ्याच्या बाजूच्या उताराला जास्त पडतो. नवापूरकडे भरपूर पाऊस आणि अमळनेर-शिंदखेड्याकडे हात राखून, हे आपण बघतोच. काल्पनिक डोंगराच्या दोन्ही बाजूंना सारखंच घनदाट जंगल दाखवलं, तर निदान वारा कुठून येतो ते विचारा.

विज्ञानकथेत ही तपासणी काटेकोरपणे करा. सूर्यापासून पृथ्वीवर प्रकाश यायला सुमारे 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातला संदेश जागेनुसार 3 ते 22 मिनिटं घेतो. दोन ग्रहांवरची माणसं समोरासमोर असल्यासारखी बोलत असतील, तर लेखकाने त्यासाठी काही यंत्र कल्पिलेलं असायला हवं, आणि ते यंत्र असलेल्या जगाचं राजकारण, व्यापार आणि युद्धही बदललेलं दिसायला हवं. ‘द एक्स्पान्स’ मालिका (नऊ कादंबऱ्या, 2011 ते 2021) इथे खरी उतरते. त्यात संदेशाचा उशीर कथेला वळण देतो आणि कमी गुरुत्वात वाढलेल्या माणसांची शरीरं वेगळी असतात, त्यातूनच त्यांचं राजकारण उभं राहतं.

जादूच्या गोष्टीत विचारायचं ते वेगळं: किंमत काय, मर्यादा काय, आणि कोणाला ती मिळत नाही. ‘अर्थसी’त वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते, पण त्याने जगाचा तोल ढळतो. तिसरा प्रश्न तिथे आणखी मोलाचा आहे. पहिल्या तीन भागांत (1968 ते 1972) जादूचं शिक्षण पुरुषांपुरतं असतं. 1990 मध्ये चौथ्या ‘तेहानू’त ले ग्विनने स्वतःच हा प्रश्न ऐरणीवर घेतला. साहस नाही म्हणून ‘तेहानू’ पुष्कळांना रुचत नाही. आमच्या मते मालिकेचं मोल त्याच भागाने वाढवलं, कारण लेखिकेने आपल्याच जगातली जुनी उधारी अठरा वर्षांनी फेडली.

मधेच रेंगाळतं तेव्हा

मालिका मधे मंदावते तेव्हा कारण शोधा, नुसतं ‘बोअर’ लिहू नका. ‘व्हील ऑफ टाइम’चा दहावा भाग, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, सर्वांत संथ वाटतो, कारण त्याचा मोठा भाग नवव्या भागाच्या शेवटाशी समांतर काळात घडतो. म्हणजे वाचकाला आधीच माहीत असलेल्या घटनेवर पात्रांच्या प्रतिक्रिया. तिथे प्रकरणं भरभर वाचली तरी बिघडत नाही. मार्टिनच्या चौथ्या पुस्तकात काही आवडती पात्रं गायब असतात, कारण चौथं आणि पाचवं काळाने नाही, तर प्रदेशाने वाटलेलं आहे. ‘ड्यून मेसायाह’ (1969) निराश करतं ते वेगळ्या कारणाने: पहिल्या पुस्तकात विजयी झालेल्या नायकाच्या विजयावरच ते शंका घेतं. तो लेखकाचा हेतू आहे. तो आवडला नाही तरी चालेल, पण त्याला चूक म्हणू नका.

लेखक बदलला असेल तर ते मतात लिहा. जॉर्डन 2007 मध्ये वारले. शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने त्यांच्या टिपणांवरून पूर्ण केले. भाषांतरित मालिकेतही हात बदलतो. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या ‘थ्री-बॉडी’ त्रयीचा पहिला आणि तिसरा भाग केन लिऊने इंग्रजीत आणला, दुसरा जोएल मार्टिनसेनने. शिवाय पहिल्या पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीचं प्रकरण चिनी पुस्तकात मधे आहे, इंग्रजीत सुरुवातीला. रचनेवर बोलणार असाल तर कोणती आवृत्ती वाचली ते आधी सांगा.

सोडायचं कधी, याचाही नियम हवा. तीनशे पानांच्या आतला पहिला खंड पूर्ण करा. सातशेच्या वरचा असेल तर दीडशे पानं द्या. तरीही मन लागलं नाही तर सोडा, पण का ते एका ओळीत लिहा. कारण भाषा असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा या. कारण गोष्ट असेल तर परत यायची गरज नाही. अपुऱ्या मालिका वेगळ्या धरा. मार्टिनचं पाचवं पुस्तक 2011 चं, त्याच वर्षी पॅट्रिक रॉथफसच्या ‘किंगकिलर’चा दुसरा भाग आला, आणि दोन्ही मालिका अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. तिथे छापलेल्या खंडांवर बोला. ‘शेवट फसणार’ हे मत नाही, अंदाज आहे. दूरचित्रवाणीवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या रूपांतराचा 2019 मध्ये झालेला शेवट मार्टिनच्या पुस्तकांच्या खात्यावर मांडू नका.

मत मांडताना

अडीचशे ते तीनशे शब्द पुरे. पहिल्या ओळीत आवृत्ती आणि कितव्या खंडापर्यंत वाचलं ते. मग मालिकेची जात. मग उधारीच्या वहीतून दोन नोंदी, एक पूर्ण फेडीची आणि एक अर्ध्या किंवा खोट्या फेडीची. मग एक दोष, कारणासह. शेवटी कोणी वाचावी आणि कोणी हात लावू नये. ‘अप्रतिम’, ‘भन्नाट’, ‘टाकाऊ’ हे शब्द खोडून त्या जागी प्रसंग लिहा, मत आपोआप घट्ट होतं.

वाचनालयात बैठक असेल तर सहा ते आठ जण ठीक. त्याहून जास्त झाले की दोघंच बोलतात. उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतर ठेवा. स्पॉयलरचा नियम ठरवून घ्या: सर्वांत मागे असलेला वाचक ज्या खंडावर आहे त्याच्या पुढचं काही बोलायचं नाही. पुढे गेलेल्यांनी आपली वही बंद ठेवावी आणि मागच्याला त्याची उधारी वाचून दाखवू द्यावी. त्याने काय हेरलं आणि काय नाही, यावरून लेखकाने पेरणी किती उघड किंवा किती छुपी केलीय ते कळतं. सगळ्यांची मालिका संपली की बैठकीत प्रत्येकाच्या वहीतल्या न फेडलेल्या नोंदी एका कागदावर उतरवा. तीन-चार वह्यांत सारखीच असलेली नोंद बहुधा लेखकाची उणीव असते. एकाच वहीत सापडलेली नोंद घेऊन त्या वाचकाने तो खंड पुन्हा उघडावा, आणि या दुसऱ्या वाचनाला प्रकाशनाऐवजी कथेतल्या काळाचा क्रम लावून पाहावा.